देवीला विचारून झालं होतं

आमच्या सासरी मोठे निर्णय देवी घेते आणि ते निस्तरायला आम्ही असतो. गोव्यातल्या त्यांच्या गावी देवळात प्रसाद लावायची पद्धत आहे. भटजी फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणाच्या मूर्तीवर चिकटवतात, काही उजवीकडे, काही डावीकडे. मग मोठ्याने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि सगळे डोळे ताणून बसतात. उजवीकडची पाकळी आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. मुंज, ऑपरेशन, विहीर, नवी गाडी, सगळं तिला विचारून. पुण्याची मुलगी सून म्हणून चालेल का, हेही विचारलं होतं. उजवी पडली म्हणे, पण जरा वेळ लावून पडली. हा 'जरा वेळ' माझ्या नवऱ्याने मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितला, आणि भांडणात मी त्याचा अजूनही उपयोग करते.

लग्नातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील मोकळे गृहस्थ. व्याह्यांना मिठी मारून म्हणाले, "गोव्याचे म्हणजे तुम्ही आपलेच की!" माझे सासरे हसून म्हणाले, "झालो असतो हो. मतं कमी पडली." मांडवात हशा पिकला. वडील हसले, मीही हसले. काय बोलले ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. आमच्या पुण्याच्या शाळेत गोवा एका परिच्छेदात मुक्त झाला होता, आणि त्याच्या पुढचं पान दुसऱ्याच धड्याचं होतं.

आम्ही जपानात, तोयोसुला राहून आता वीस वर्षं होत आली. नवरा सॉफ्टवेअरमधला, खाडीकाठच्या एका मनोऱ्यात त्याचं ऑफिस. मी रोज कावासाकीला जाते, तिथल्या एका कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातले दोष काढायचे. हे काम घरात मी फुकट करत होतेच. आमची एकुलती मुलगी इथेच जन्मली, इथल्याच भारतीय शाळेत अकरावीला आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि उत्तर द्यायचं नसेल तर जपानीत.

पासपोर्ट तिचा भारताचा. तिला घरं बांधायचं शिक्षण घ्यायचं आहे, आणि तेही पाण्याकाठच्या घरांचं. आम्ही राहतो ती सगळी जमीनच समुद्रात भर घालून केलेली, त्यामुळे तिला पाण्याचं वेड लागलं असेल. त्यासाठी तिने नेदरलँड्समधलं एक कॉलेज मनात धरलं होतं. तिथल्या माणसांना आणि युरोपातल्या कोणालाही तिथली दारं सताड उघडी. आपल्याला मात्र खिडकीतून बोलायचं: व्हिसा, मुलाखत, ठेव, हमीपत्र, आणि एवढं करून नकार आला तर कारणही सांगत नाहीत. एकदा आला होताच, एका उन्हाळी शिबिरासाठी. तिच्या वर्गातली एक मुलगी गेली, ही राहिली. त्या दिवशी तिला विचारलं तर म्हणाली, "बेत्सुनी." काही विशेष नाही, असा त्याचा अर्थ. या एका शब्दाने इथल्या मुली आयांना दाराबाहेर काढतात.

आणि मग नवऱ्याला आठवलं की आपले बाबा पोर्तुगीजांच्या राज्यात जन्मले आहेत.

हे गोव्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. गोवा मुक्त व्हायच्या आधी तिथे जन्मलेला माणूस, त्याची मुलं आणि नातवंडं यांना पोर्तुगाल आजही आपलं नागरिक मानायला तयार आहे. फक्त त्या माणसाचा जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवला गेला पाहिजे. एकदा का बाबांचा जन्म तिथे चढला, की नवऱ्याचा चढेल, मग मुलीचा, आणि सगळा युरोप तिच्यासाठी परसदार. गावातल्या कितीतरी घरांनी केलं आहे. भारताला दोन पासपोर्ट चालत नाहीत, तेव्हा नवऱ्याला आणि मुलीला भारताचा सोडावा लागला असता. ते आम्ही आपसात पचवलं होतं. न पचणारी गोष्ट वेगळीच होती. जन्म नोंदवला की बाबा पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज ठरणार, आणि मग भारताच्या लेखी ते कोण, यावर गोव्यातल्या दोन वकिलांची तीन मतं होती. त्यातला जो जास्त घाबरवणारा होता तो म्हणाला, मतदारयादीतून नाव जाऊ शकतं. गावात एकाचं गेलं होतं.

बाबांनी सही केली तरच हे सगळं होणार होतं. आणि बाबा म्हणजे कोण, तर कॉलेजच्या वयात पोर्तुगीजांविरुद्ध पत्रकं वाटताना पकडला गेलेला माणूस. चौकीत त्यांच्या तळहातांवर लाकडी फळकुटाने मारलं होतं. त्या फळकुटाला भोकं पाडलेली असत, म्हणजे कातडी भोकात ओढली जाते. मग तुरुंग. सुटून आल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची अनामिका मिटत नाही. भात कालवताना ती एकटी वर राहते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हा काही सोवळ्याचा प्रकार असेल.

एक मार्ग आणखी होता. वकिलाने सांगितला होता आणि आम्ही दोघांनी ऐकला होता. माणूस हयात नसेल तर त्याचा मुलगा त्याचा जन्म नोंदवू शकतो. तेव्हा सहीचा प्रश्न येत नाही आणि मतदारयादीचाही. नवऱ्याने फोन ठेवला आणि आम्ही दोघांनी एकदम धुतलेले कपडे काढायला घेतले. त्या मार्गाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. गेल्या उन्हाळ्यात बाबांना आम्ही तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे आणलं. वय पंच्याऐंशी, पण काठी नुसती शोभेला. मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे शिस्त दिसली की खूष. इथला कचरा वेगळा करायचा प्रकार त्यांना इतका आवडला की जळणारा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी हे आठवड्यात पाठ करून त्यांनी ते खातं माझ्याकडून काढून घेतलं. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे अहोरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, पावाला 'पान' म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीजांनी आणलेला, हे नातीने त्यांना सांगितलं. बाबा दुकानात उभ्या उभ्या म्हणाले, "इथेही येऊन गेले ते? शहाणे हो हे लोक. पाव ठेवून घेतला, पोर्तुगीज परत पाठवले." आणि मग रोज सकाळी पाव.

अशा माणसाला सही कशी मागायची? नवऱ्याने आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे मार्ग काढला. देवीला विचारायचं.

एका रविवारी जेवणानंतर बाबा कानातलं यंत्र काढून झोपले होते. तिकडे देवळात सकाळची पूजा आटोपली होती. भटजींनी मोबाइल समईला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, अंघोळ केलेली, नवऱ्याने सोवळं म्हणून धुतलेला टी-शर्ट घातलेला, असे उभे राहिलो. भटजींचा आवाज खणखणीत. "बाये माऊली, तुझ्या लेकराची परदेशात अडचण झाली आहे, बापाचा जन्म तिकडच्या दप्तरात घालायचा बेत आहे..." नवऱ्याने घाबरून आवाज कमी केला. देवीच्या दारातलं गाऱ्हाणं कुजबुजत्या आवाजात ऐकणारे आम्ही पहिलेच असू. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते असं.

पाकळी पडली. उजवी, आणि तीही झटकन. माझ्यापेक्षा पोर्तुगालवर देवीचा विश्वास जास्त दिसला.

"आता प्रश्नच मिटला," नवरा म्हणाला.

"कसा मिटला? बाबांना कोण सांगणार?"

"सांगू गं. आधी सही होऊ दे. म्हणजे तसं नाही, सगळं एकदम नको सांगायला. टप्प्याटप्प्याने."

"फसवून सही घ्यायची बापाची?"

"फसवून काय? देवीने दिलंय."

माझं डोकंच फिरलं. देवीने पाकळी दिली होती, थापा मारायचा परवाना नव्हता दिला. पण खरं सांगते, मी त्याला तिथेच अडवलं नाही. कारण मलाही ते हवं होतं. 'बेत्सुनी' म्हणून दार लावून घेतलेली मुलगी रोज माझ्या समोर होती. बाबांचा तुरुंग माझ्या समोर नव्हता, तो मी ऐकलेला होता.

आमचा एक हिशेब मात्र चुकला. भटजींच्या पोटात काही राहत नाही. दोनच दिवसांनी पालखीच्या कसल्याशा कामासाठी त्यांनी बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोन केला आणि बोलता बोलता अभिनंदन करून मोकळे झाले.

मी चहा गाळत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"देवीने उजवा दिला, असं ऐकलं."

मी गाळणं खाली ठेवलं. मी काहीतरी बोलायला लागले, "अहो बाबा, आम्ही तुम्हाला सांगणारच होतो..."

"देवीला विचारलंत. बरं केलंत. मी तर पलीकडच्या खोलीत होतो गो."

एवढंच बोलले. चहा घेतला, कपही विसळून ठेवला. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा बापलेकांत काय बोलणं होईल याची मी धास्ती घेतली होती. काहीच झालं नाही. नवरा समोर जाऊन बसला, "बाबा" म्हणाला, आणि बाबांनी त्याला उद्या बाटल्यांचा वार आहे याची आठवण केली. पुढचे तीन-चार दिवस हेच. आरडाओरडा झाला असता तर मी निभावून नेला असता, माझं माहेर त्यावरच चालतं. हे गप्प राहणं मला सोसेना.

त्या दिवसांत इथे निवडणूक होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्लायवूडचा मोठा फलक उभा केला होता. त्यावर आकडे घातलेले चौकोन, एकेका उमेदवाराला एकेक, सगळ्यांना सारख्याच मापाचा. बाबा सकाळच्या फेरीत तिथे थांबायचे. कोणाचा चौकोन अजून रिकामा आहे, कोणी नवं पोस्टर लावलं, हे येऊन मला सांगायचे. कोणालाही ओळखत नव्हते, पण त्यांचं मत बनत चाललं होतं. चार नंबरची बाई त्यांना सरळ वाटत होती.

"तुम्ही दोघं कोणाला देणार?" त्यांनी विचारलं.

"आम्हाला इथे मत नाही बाबा. आपण परदेशी."

"मग तिकडे?"

"तिकडे द्यायचं तर विमानाने जायला हवं. कोण जातं?"

बाबा माझ्याकडे वळले. "म्हणजे वीस वर्षं तुम्ही कोणालाच मत दिलेलं नाही?" मला आयकर चुकवताना पकडल्यासारखं झालं.

मतदानाच्या रविवारी त्यांना ते बघायचंच होतं. समोरच्या प्राथमिक शाळेत केंद्र होतं. ऊन रणरणत होतं, तरी मी त्यांना घेऊन गेले. फाटकापाशी आमची मुलगी उभी. तिची पोहण्याच्या क्लबातली मैत्रीण, दोन वर्षांनी मोठी, पहिल्यांदा मत द्यायला आत गेली होती आणि ही बाहेर तिची सायकल धरून थांबली होती. मैत्रीण आली, दोघी खिदळल्या, मैत्रीण तिला हातवारे करून काहीतरी दाखवत होती. इथे उमेदवाराचं नाव पेन्सिलीने आपल्या हाताने लिहावं लागतं, ते असावं. मुलगी मान डोलावत ऐकत होती आणि सायकल अजून तिच्याच हातात होती.

बाबा हे सगळं बघत होते. मग शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या कट्ट्यावर सावलीत बसले आणि मला म्हणाले, "बस." पुढे जे बोलले ते त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तुरुंगाचं विचारायचे सगळे, पण त्यानंतरचं कोणीच विचारायचं नाही.

"गोवा सुटला तेव्हा मी वेड्यासारखा नाचलो," ते म्हणाले. "पण सुटून जायचं कुठे, ते ठरायचं होतं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? घराघरांत भांडणं. मी मराठीचा मास्तर. मी म्हणायचो, विलीन होऊया, आपली पोथी मराठी, कीर्तन मराठी, वेगळं काय आहे? माझा मोठा भाऊ म्हणायचा, आपण बोलतो ती कोंकणी, आणि मोठ्या घरात धाकटी जाऊ होऊन राहायची हौस कोणाला आहे? मग सरकारने कौल घेतला. विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आमच्या ओसरीच्या एका खांबावर मी फूल काढलं. दुसऱ्या खांबावर दादाने दोन पानं. आई दोघांना एकाच पातेल्यातलं वाढायची आणि म्हणायची, खांब माझे आहेत, नंतर चुना तुम्ही लावायचा."

"आणि?"

"आणि काय, हरलो. मोजणी दोन-तीन दिवस चालली. निकाल आला तेव्हा दादाच्या बाजूच्यांनी रस्त्यावर फटाके लावले. मी कडी लावून आत. रडलो की काय, तर हो, रडलो. तुरुंगात रडलो नव्हतो इतका. दुसऱ्या दिवशी दादा आला, दाराबाहेरून म्हणाला, चुना भिजवलाय, ये. दोघांनी मिळून खांब सारवले. बोललो नाही. पुढे वीस वर्षांनी गोव्याचं राज्य झालं. मधली वीस वर्षं आम्ही दिल्लीचे पाहुणे, ना घरचे ना दारचे. राज्य झालं त्या दिवशी दादा मला पणजीला घेऊन गेला. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून? अर्ध्या मनाने. पण वाजवल्या. आज विचारशील तर सांगतो, दादाचं बरोबर होतं. राज्य लहान आहे, भांडखोर आहे, पण आपलं आहे. हे मी त्याला जिवंतपणी सांगितलं नाही."

पलीकडे मुली अजून हसत होत्या. बाबांनी घाम पुसला.

"पोर्तुगीजांनी आम्हाला कधी काही विचारलं नाही. दिल्लीने सैन्य पाठवलं, आम्ही हार घातले, पण विचारलं त्यांनीही नव्हतं. जन्मात एकदाच मला कोणीतरी विचारलं, बाबा रे, तुला काय हवं? आणि त्यात मी हरलो. पण त्या हरण्याचा मला राग नाही गो. विचारलं होतं." मग त्यांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही देवीला विचारलंत. मला नाही विचारलंत, ते सोड. त्या पोरीला विचारलंत?"

मी म्हटलं, "बाबा, ती लहान आहे. आणि सगळं तिच्या भल्यासाठीच तर..."

"हे वाक्य मी लिस्बनचं ऐकलंय, दिल्लीचं ऐकलंय आणि मुंबईचंही ऐकलंय," बाबा म्हणाले. "तुझ्या तोंडून पहिल्यांदाच."

मला राग आला. त्यांचा नाही, स्वतःचाही नाही, ते खरं होतं याचा. आम्ही खरोखरच तिला विचारलं नव्हतं. तिला युरोपात जायचंय म्हणजे तिला हे हवंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक सापडली असती तर मी लाल शाईने पान भरलं असतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबांनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. नवरा शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा बसला होता. बाबा नातीशी एरवी कोंकणीत बोलतात, तिला ती कळते. त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलले, माझ्यापासून काही सुटू नये म्हणून असेल. त्यांनी तिला सगळं सांगितलं. लिस्बनचं दप्तर, सही, भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल ते, आपलं नाव यादीतून जाऊ शकतं तेही. कुठेही रंग चढवला नाही. देवीचा उजवा प्रसादसुद्धा सांगितला, आणि मग म्हणाले, "ते देवीचं झालं. आता तुझं सांग. त्यांचा पासपोर्ट हवा की नको?"

मुलगी आमच्या दोघांकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे नको बघू. माझ्याकडे बघ."

"आजो, तुम्हाला राग येईल."

"येईल तर येईल. माझा राग मी सांभाळीन."

मग ती बोलली. एरवी तीन भाषांत पळणारी माझी मुलगी एकेक शब्द वेचून बोलत होती. "हो. मला हवाय. इथे मी गाइजिन आहे, म्हणजे बाहेरची. पुण्याला गेले की सगळे म्हणतात जपानची आली. गोव्यात पण तेच. मला कुठलं तरी आतलं व्हायचंय. पोर्तुगाल मला माहीत पण नाही, आय नो. पण तिथून कुठे जायचं ते मी ठरवू शकते. सॉरी आजो."

बाबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्यांना 'नको' ऐकायचं होतं. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला आशा लपवता येत नाही. पण त्यांनी मान हलवली, दोनदा, सावकाश, आणि म्हणाले, "सॉरी कशाला? विचारलं, तू सांगितलंस. झालं."

नवरा खुर्चीतून अर्धा उठला. मला वाटलं हा आता पेन आणतो की काय.

"बस तू," बाबा म्हणाले. "तिचं मत तिचं झालं. माझं राहिलंय. मी सही करणार नाही."

नवरा परत खाली बसला.

"मी त्या लोकांचा म्हणून जन्मलो, त्यात माझा इलाज नव्हता. त्यांचा म्हणून मरणार नाही. मला माझ्या गावच्या शाळेत जाऊन, बोटाला शाई लावून, दर खेपेला हरणाऱ्या माणसाला मत द्यायचंय. ते मी कोणासाठी सोडणार नाही. तुझ्यासाठीही नाही, बाय." त्यांनी नातीच्या हातावर हात ठेवला. ते एक बोट टेकलं नाही. "पण तुझं अडायला नको. मी त्या वकिलाशी बोललोय. मी गेल्यावर तुझा बाप माझा जन्म तिथे नोंदवू शकतो. मेलेल्या माणसाला सही लागत नाही आणि त्याचं मतही कोणी काढून घेत नाही. माझी हरकत नाही, आणि हे मी तुम्हा तिघांसमोर सांगतोय, म्हणजे नंतर कोणाच्या मनाला लागायला नको. थोडं थांबावं लागेल तुला. फार नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. आम्ही दोघांनी जे तोंडातून काढलं नव्हतं ते बाबांनी दूधवाल्याला निरोप द्यावा तसं सांगून टाकलं होतं. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मुलगी त्या हाताकडे बघत होती. ती काय जोखत होती ते मला दिसत होतं. दोन वर्षांनी ते कॉलेज, ती उघडी दारं, किंवा पुन्हा ती खिडकी, तो व्हिसा, तो कारण न सांगता येणारा नकार. आणि दुसऱ्या बाजूला तिच्या हातावर ठेवलेला हा हात. सोळा वर्षांच्या पोरीपुढे कोणी असं ताट मांडू नये. तिने दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला, ते न मिटणारं बोट आपल्या मुठीत धरलं आणि म्हणाली,

"मग मला घाई नाही, आजो."